धाकूने धूप थांबवली

मालवणकडच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगाल ते करायचा. अगदी तेवढंच करायचा. त्याचं आणि त्याच्या आईचं घर वाडीत सगळ्यात शेवटी, म्हणजे समुद्राच्या लेखी सगळ्यात पहिलं. लाटा आता अंगणातल्या तुळशीपर्यंत आल्या होत्या.

एके दिवशी पुण्याहून किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्या गद्रे मॅडम आल्या. त्यांनी वाळूत एक खांब रोवला आणि त्याच्या पायाशी शंभर लाल रंगवलेले गोटे ठेवले.

"धाकू, तुमचं घर धोक्यात आहे ते धुपेमुळे. लाटा गोटे कुठे नेतात आणि किती लांब नेतात ते कळलं, की बांध कुठे घालायचा ते ठरेल. धूप थांबली की घर वाचलं."

त्या संध्याकाळी धाकू आईच्या धुपाटण्याकडे बराच वेळ बघत बसला.

दुसऱ्या दिवशी मॅडम जाताना म्हणाल्या, "गोट्यांवर लक्ष ठेव. एकही हरवता कामा नये."

"बरां."

लाट आली, गोटे निघाले. त्यांच्यामागे धाकू निघाला. दर ओहोटीला गोटे गोळा करायचे, शंभर मोजायचे, पुन्हा खांबाशी आणून ठेवायचे. आठ दिवसांनी मॅडम येऊन बघतात तर शंभरच्या शंभर जागेवर!

"एकही हलला नाही?"

"हलतत तर! मी परत हाडलंय ना."

"अरे देवा! वाहून जातं ते जाऊ द्यायचं. हात लावायचा नाही. थांबेल तिथे फक्त काठी रोवायची!"

"बरां."

दुसऱ्याच दिवशी नाना तांडेलांची होडी सुटली. धाकू किनाऱ्यावरच होता. त्याने हात लावला नाही. होडी खडकावर जाऊन आपटली, तिथे त्याने काठी रोवली.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" नाना ओरडले. "व्हावान जाता तां दोरयेन खांबाक बांधून ठेवूचां!"

"बरां."

पुढच्या खेपेला मॅडमनी पाहिलं, तर शंभर गोटे, शंभर गाठी आणि एक खांब. मॅडम वाळूतच बसल्या. मग त्यांनी स्वतः गाठी सोडल्या, आठ दिवस गावात मुक्काम ठोकला, उन्हात करपल्या आणि प्रत्येक गोटा कुठे गेला ते वहीत शाईने उतरवलं. धाकूला एकच काम दिलं, लांब बसायचं. ते मात्र त्याने छान केलं.

बांध मंजूर करणारे साहेब आले. गावाने त्यांना आधी देवळात नेलं. तिथेच पायरीवर मॅडमनी वही उघडली. साहेबांनी आकडे पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "बांध धाकूच्या घरापासूनच सुरू करू." धाकूच्या आईने पदराने डोळे टिपले. किती वर्षांनी बिचारीला आज हायसं वाटलं होतं.

तेवढ्यात गुरव धुपाटणं घेऊन बाहेर आला. धुराचा लोट उठला.

"काय घमघमीत धूप आहे!" साहेब म्हणाले.

धाकू ताडकन उठला. देवळाच्या विहिरीवरची भरलेली घागर त्याने उचलली आणि सगळी ओतली. धुपाटण्यावर, गुरवावर, साहेबांवर आणि वहीवर.

"आये, धूप थांबलो! घर वाचलां!"

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात. इथे ते धुपाटणंसुद्धा विझलं. वहीतली शाई पायऱ्यांवरून ओघळू लागली. मॅडम वहीकडे झेपावल्या, तर धाकू आडवा.

"हात लावू नका, मॅडम. व्हावान जाता तां जावंदे."

शाई दीपमाळेपाशी जाऊन थांबली. धाकूने तिथे काठी रोवली.