टवकलेला वाडगा

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. त्याला सगळं निर्दोष लागे. भिंतीला चीर दिसली की भिंत पाडावी, मोत्यावर डाग दिसला की मोती फेकावा. ‘पूर्ण’ म्हणजे ज्यात खोट नाही ते, असंच तो समजे.

राणी शीलवतीचं डोहाळजेवण मांडलं होतं. नदीपलीकडच्या डोंगरात एक मांत्रिक राही. त्यानं आपल्या हातानं खीर रांधली आणि लाकडी वाडग्यातून राणीला धाडली. वाडग्याचा काठ जरासा टवकलेला होता. राजानं तेवढंच पाहिलं. खीर ओतून टाकली, वाडगा रिकामाच परत पाठवला. बायांनो, शेजारणीची वाटी परत करताना आपण चिमूटभर साखर तरी घालतो. राजाला ते ठाऊकच नव्हतं.

मांत्रिकानं वाडगा खडकावर पालथा घातला. म्हणाला, "राजा, तुझ्या राज्यात आता काहीच भरणार नाही."

तसंच झालं. विहिरीतून घागरी चार बोटं उण्या येऊ लागल्या. कणसांत दाणा भरेना. चंद्र चतुर्दशीला येऊन थांबला, पुनव उगवेना, बायकांची व्रतं अडून राहिली. आणि राणीचे दिवस भरेनात. नववा गेला, दहावा गेला, बारावाही सरला. राणी वाळत चालली.

राजाची बहीण वेणुमती वहिनीच्या उशाशी बसे.

"वन्स, तो पाळणा झाकून ठेवा. बघवत नाही."

"पाळणा उघडाच राहील, वहिनी. तुम्ही अंगाई घोकून ठेवा. तुमचा सूर ऐकून बाळ घाबरेल, त्याची मला काळजी."

किती दिवसांनी राणी हसली. वेणुमतीनं पदर खोचला, स्वतः थापलेली एक भाकरी फडक्यात बांधली. राजानं नऊ निर्दोष रत्नं दिली. ती मांत्रिकाकडे निघाली.

वाटेत बाभळीवर भारद्वाज पक्षी बसला होता. "बाई, भूक लागली आहे," तो म्हणाला. तिनं अर्धी भाकरी त्याला घातली. पक्षी म्हणाला, "वाडगा भर म्हणजे शाप सुटेल. संधी तीनच." मग तो पुढे उडाला, ती मागे चालली, नदीनं दुभंगून वाट दिली.

खडकावर मांत्रिक बसला होता. त्यानं वाडगा उताणा केला. "भर."

वेणुमतीनं रत्नं ओतली. वाडग्याला लागताच त्यांच्या गारगोट्या झाल्या, आणि वाडग्यानं त्या गिळल्या.

"भर."

तिनं ओंजळी ओंजळीनं नदी आणली. शंभर ओंजळी झाल्या, तळ कोरडाच.

मांत्रिक म्हणाला, "रत्नं खजिन्याची, पाणी नदीचं. तुझं काय? आता एकदाच."

वेणुमतीनं वाडगा हातात घेतला. टवक्यावरून बोट फिरवलं. रांधणाऱ्या हातांनी झिजलेलं ते लाकूड होतं. तिला एकदम लाज वाटली. तिनं वाडगा पदरानं पुसला, उरलेली अर्धी भाकरी त्यात ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"बाबा, आमच्या घरून तुमचं भांडं रिकामं आलं. चुकलं आमचं. हे घ्या."

"राजाची बहीण, आणि अर्धी शिळी भाकरी?"

"अर्धी पाखराला दिली. एवढीच आहे."

वाडगा जड होऊ लागला. भाकरीखालून खीर वर आली, काठाला लागली, टवक्यावरून एक थेंब ओघळला. तो थेंब खाली पडला तिथलं गवत पोटरीत आलं, दाण्यानं भरलं.

मांत्रिकाचा आवाज मऊ झाला. "मुली, जग नवं होतं तेव्हा एका बाईनं शेजारणीचं भांडं असंच भरून परत केलं. काय झालं हे सांगायला तिला शब्द हवा होता. तेव्हा ‘पूर्ण’ हा शब्द जन्मला. पूर्ण म्हणजे भरलेलं. खोटीचा त्यात कधी विचारच नव्हता."

त्यानं भाकरी ठेवून घेतली आणि खिरीनं भरलेला वाडगा राणीसाठी दिला; तो घेऊन वेणुमती परतली. तिन्हीसांजेला डोंगराआडून अख्खा चंद्र वर आला आणि सगळं नगर अंगणात येऊन उभं राहिलं. विहिरी काठोकाठ भरल्या. महालातून बाळाचं रडणं ऐकू आलं.

सुईण मूल घेऊन आली, पण राजासमोर यायला ती कचरत होती. बाळाची करंगळी वाकडी होती. राजानं ती पाहिली. बराच वेळ पाहिली. मग ओठांना लावली.

"वेणू, तो वाडगा दे," तो म्हणाला. "खीर मी रांधतो, आणि पोचवायलाही मीच जातो."

"करपवू नकोस, दादा."

करपली थोडी. मांत्रिकानं मिटक्या मारत खाल्ली. त्याचा वाडगा जसा भरून आला, तशी तुमची आमची वाटीही भरून येवो, कुणाच्या दारातून रिकामी न येवो.