श्रीजवळचा मोर

पाटणोलीच्या मोरजाईच्या सभामंडपात, डाव्या खांबाला टेकून एक पिवळसर शिळा उभी आहे. तिच्यावर उलटा 'श्री' आणि त्याला बिलगलेला मोर अजून अंधूक दिसतो. धोंडू गुरव पाहुण्यांना आधी तिथेच नेतात. "हात नका लावू हं," म्हणतात आणि स्वतःच हसतात. कारण सगळी गोष्ट हात लागण्याचीच.

दगडावर उलटं लिहून त्यावरून कागद छापायचे, त्या शिळाछापाचे दिवस होते, असं सांगतात. देवीचं माहात्म्य छापून जत्रेआधी घरोघरी जावं, हा गावात लिहिण्याचं काम करणाऱ्या बाबाजीपंतांचा नवस. डोळे जवळजवळ गेलेले. तरी नाक दगडाला टेकवून त्यांनी तेलकट शाईने शिळेवर उलटी अक्षरं लिहिली. "यापुढे लिहिणं नाही," एवढंच म्हणाले. घरात लेक एकटी, सगुणा. पान हललं तरी दचकणारी.

त्या दुपारी समईत तेल घालून ती शिळा बघायला वाकली, आणि कौलांवर मोर ओरडला म्हणे. पोरगी अशी दचकली की तेलाचा अंगठा थेट 'श्री'शेजारी टेकला. शिळेला तेल लागलं की ते छापात उतरतंच. खरवडावं तर 'श्री'ही जाणार. आणि पुन्हा लिहायला बाबांना डोळे कुठून आणायचे?

तिच्या तोंडचं पाणी पळालं. रडूही येईना. डागाकडे बघता बघता तिला त्यात मोराचं फुगलेलं पोट दिसलं. बाबांचाच कुंचला उचलून तिने मान काढली, तुरा काढला, पिसारा 'श्री'च्या वेलांटीपर्यंत नेला. हात थरथरत होता. पिसं त्यामुळेच हलती वाटली.

छापणाऱ्या गड्यांनी पहिला कागद काढला. पंतांनी तो नाकाशी धरला. सगुणा दाराआड.

"सगुणे, हा मोर कुणाचा?"

"देवीचा, बाबा."

"आणि त्याच्या पोटातल्या रेघा?"

तिने अंगठा मुठीत लपवला. पंत मात्र हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईतो. "माझं अक्षर आजवर एकटंच उभं असायचं गं. आता सोबत झाली. छापा रे!"

सगुणा दाराआडून बाहेर आली. आणि त्या दिवशी म्हणे पोटभर जेवली.

आजही पाटणोलीत लग्नपत्रिका असो की मुलाची पहिली वही, आरंभीच्या अक्षरापाशी घरची लेक नाहीतर सून तेल-कुंकवाचा अंगठा उमटवते आणि त्याचा मोर करते. नव्या सुनेचा हात कापतोच. सासू शेजारून म्हणते, "टेक गं. हलला तर पिसारा मोठा काढू."