आसरांच्या तळ्यातली पंगत

“…मग हे तळं असंच मरू द्यायचं का, माय?”

राहीमायचा हात थांबला नाही. साती आसरांच्या, पाण्यातल्या देवींच्या, सात दगडांपैकी पाचव्याला ती शेंदूर लावत होती. अजून दोन राहिले होते.

आश्विनातली सकाळ. पाण्यावरून धुकं निघत होतं, आणि तळं कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं ते सांगणं अवघड होतं.

प्रश्न टाकून तावरेसाहेब पायरीवर बसून राहिले. घाई त्यांच्या अंगातच होती, पण मायपुढे ती दाखवायची नसते एवढं बारा वर्षांत त्यांना कळलं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस दर रविवारी इथं हौसेनं गळ टाकायला यायचा, आणि गळ टाकून झाला की मायजवळ येऊन बसायचा. माय भोयाची, पिढीजात मासे धरणाऱ्यांतली. अक्षरशत्रू. तावरे तिला गुरू मानत. ती त्यांना चेला मानत होती की नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही.

सातवा दगड झाला. मायनं बोटं लुगड्याला पुसली.

“मेलंय कुटं? लई जीव हाय त्यात.”

“एकाच जातीचा. गळ टाकला की चिलापी, पुन्हा टाकला की चिलापी. तिच्यापायी घोगरा गेला, वाम गेली. मरळ बघून चार वर्षं झाली, माय.”

मरळ लागली की मनगटाला बसणारा तो हिसका त्यांना झोपेतसुद्धा आठवायचा, आणि जाग आली की डोळे ओले असायचे. साठी उलटलेल्या माणसानं हे सांगायचं तरी कुणाला?

त्यांच्या पायाशी, ओल्या बारदानात गुंडाळलेल्या किटलीत काहीतरी आपटलं.

“ह्यात काय?”

“मांगूर. परदेशी जातीचा. बंदी आहे, चोरून आणलाय. पण चिलापी फस्त करील बघ.”

“आन चिलापी सरल्यावर?”

तावरेसाहेब किटलीवरचं बारदान सारखं करू लागले.

“मग काय खाईल त्यो?”

तावरेसाहेबांनी धुक्याकडे पाहिलं. धरणांची गणितं बोटांवर करणारा माणूस, पण हे त्यांनी मांडलंच नव्हतं.

“किटलीवर काय लिवलंय, वाच.”

त्यांनी बारदान सारलं. दुधाची जुनी स्टीलची किटली. बाजारातल्या भांडीवाल्याकडून घालून घेतलेलं नाव.

“सौ. वत्सला मुरलीधर तावरे.”

“मागल्या बारीलाबी हीच व्हती.”

हीच होती. बायको मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हा तावऱ्यांनी आसरांचा नवस फेडला होता. खणानारळानं ओटी सगळेच भरतात, आपण तळ्याचीच ओटी भरू, असं त्यांच्या मनानं घेतलं. कुणाच्याशा शेततळ्यातून चिलापीची एकवीस पिल्लं आणून त्यांनी वाजतगाजत सोडली. गळ टाकणाऱ्यांच्या मंडळानं त्यांना शाल दिली. वत्सलाबाई पुढं वारल्या. शाल अजून आहे.

“मी चांगल्या मनानं सोडले होते, माय.”

“सोडलेस खरं.”

“मी काय नाही सोडलं? तंबाखू सोडली. मासे खाणं सोडलं, त्याला वीस वर्षं झाली. मंडळात नियम केला, धरलेला मासा सोडलाच पाहिजे. पाटी लावली तशी. या हातानं एक जीव घेतला नाही…”

बोलता बोलता त्यांचा कणा ताठ झाला. एवढं सगळं सोडून एक अभिमान तेवढा हातात राहिला होता.

माय उठली. काठावरची टोपली घेऊन गुडघाभर पाण्यात शिरली.

“ये.”

ते चपला काढून मागोमाग गेले. पाणी कोमट होतं. तळाशी वाळूत गोल गोल खळगे दिसत होते, एकाशेजारी एक, पार धुक्यात नाहीसे होईपर्यंत.

“काय दिसतंय?”

“चिलापीची घरटी.”

“मला पंगत दिसती. ताटं मांडून ठिवलीत कुनी.”

आणि खरंच, आता कुणीतरी हाक मारील आणि धुक्यातून माणसं येऊन बसतील, असं तावऱ्यांना वाटून गेलं.

मायनं टोपली बुडवली, अलगद उचलली. तळव्याएवढी चिलापी फडफडत होती. ती तिनं त्यांच्या दोन्ही हातांत दिली.

“धर.”

वीस वर्षांची सवय. हात आपसूक पाण्याकडे वाकले.

“सोडू नको.”

“मग?”

“धर.”

माशाचे कल्ले उघडत होते, मिटत होते… मग तोंड उघडलं, आणि त्यात जपलेली मोहरीएवढी पिल्लं तावऱ्यांच्या तळहातावर सांडली. नुसते काळे डोळे, बाकी काही नाही.

“माय, ही आई आहे.”

“समद्याच आया हायत.”

“एवढी एक सोडली तर काय…”

वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्यांनी तळहाताकडे पाहिलं. तिथं नुसती एक नव्हती.

ते धरून राहिले. किती वेळ, ते त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही. धुकं अंगावरून गेलं, एक बगळा अगदी जवळून चालत गेला. शेवटच्या दिवशी वत्सलाबाईंचा हात त्यांनी असाच धरला होता. पण बघवलं नाही, म्हणून हात सोडून ते खोलीबाहेर जाऊन उभे राहिले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मायलाही नाही.

कल्ले थांबले.

तावरेसाहेब लहान मुलासारखे रडले. मायनं त्यांना रडू दिलं. मग त्यांच्या हातातलं सगळं टोपलीत घेतलं आणि ती काठावर गेली.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. किटली उचलली. दोन पावलं पाण्याकडे गेले आणि थांबले. मायनं मान वर केली नाही, ती चूल फुंकत होती.

मग ते वळले. चढण चढून जीपपर्यंत गेले, झाकण सुतळीनं घट्ट बांधलं आणि किटली सीटवर ठेवली. आणली होती तिथं परत न्यायला.

खाली आले तेव्हा पळसाच्या पानावर भाकरी होती, आणि तिच्या कडेला चिलापीचं कालवण.

“माय, मी खात नाही…”

“ठावं हाय मला.”

ते पानापुढे बसले. धुकं उठलं होतं. उथळ पाण्यातले ते गोल खळगे काठाकाठानं पार पलीकडच्या बांधापर्यंत गेलेले दिसत होते.

“एवढं सगळं… हे कधी संपायचं, माय?”

मायनं पान त्यांच्याकडे थोडं सरकवलं.

“वाढून घेतलंस तू. आता पानात टाकू नको.”