हाताची कोणती, यंत्राची कोणती?

“यातली हाताने विणलेली सतरंजी कोणती आणि यंत्राची कोणती, ते तिथूनच सांग! बोट लावायचं नाही, उलटून बघायचं नाही. चुकलीस, तर कोष्टी आळीतले झाडून सगळे माग उद्या आमच्या आंघोळीच्या बंबात!”

वाघोटीचे रणधीरराजे गरजले. दरबाराच्या उंबऱ्याबाहेर केरबा कोष्ट्याची मुलगी सगुणा उभी होती. तिच्या मागे केरबा उभा होता.

झालं होतं असं. राजेसाहेबांनी परमुलखातून सतरंज्या विणणारं यंत्र आणलं होतं. त्याचं कौतुक तरी किती! यंत्राला ‘श्रीमंत’ अशी पदवी दिली. रोज सकाळी त्याच्यापुढे सनई वाजे, आणि दिवाणजींना आधी यंत्राला मुजरा करावा लागे, मग राजांना! यंत्र भराभर सतरंज्या काढू लागलं. सगळ्या सारख्या, सगळ्यांवर एकच मोर. घरोघरी हीच सतरंजी अंथरायची, असा हुकूम सुटला.

मग काय विचारता! एका घरची मुलगी बघायला पाहुणे निघाले. त्यांना खूण सांगितली होती, ‘मोराची सतरंजी अंथरलेलं घर.’ पाहुणे शिरले शेजारच्या घरात, पोहे खाल्ले, तिथलीच मुलगी पसंत केली आणि सुपारी फोडून मोकळे झाले!

गावभर हसू झालं. सगुणा पाणवठ्यावर म्हणाली, “यंत्राची सतरंजी स्वस्त आहे, हलकी आहे, धुतली की लगेच वाळते. खोटं कशाला बोलू? पण घरोघरी एकच मोर नाचायला लागला, तर आपलं घर कुठलं ते कळायचं कसं? आमची हाताची सतरंजी आंधळ्यालाही ओळखू येते!”

बोलणं राजवाड्यात पोचलं आणि राजेसाहेब पेटले. “आंधळ्याला ओळखू येते काय? मग डोळस माणसाने लांबून ओळखून दाखवावी!”

त्यांनी केरबाचीच एक जुनी सतरंजी मागवली आणि यंत्राकडून तिची हुबेहूब जोड काढून घेतली. केरबाच्या मोराची चोच जरा वाकडी होती, तर यंत्राच्या मोराचीही वाकडी! मग दारं लावून त्यांनी दोन्ही सतरंज्या स्वतःच्या हाताने मांडल्या. कोणती कुठे, हे दिवाणजींनाही ठाऊक नव्हतं.

सगुणाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. निळा पिसारा तोच, चोच तीच.

“सगुणे,” केरबा कुजबुजला, “मलाच ओळखू येईना गं!”

सगुणाने एकदम हात जोडले. “सुटलो, महाराज! ओळखू येत नाही तेच बरं झालं! आता माग बंबात जाणारच आहेत, तर या दोन्ही सतरंज्याही घाला. पण आत्ताच्या आत्ता!”

राजे चमकले. “का गं?”

“कसं सांगू? हाताची ती सतरंजी विणताना बाबांचं आईशी कडाक्याचं भांडण झालं होतं. त्या तिरमिरीत त्यांनी पिसाऱ्यात एक ओळ विणली. निळ्यावर निळी, अगदी बारीक. वाकडी चोच यंत्राने उचलली, पण निळ्यावरचं निळं त्याला कुठलं दिसायला!”

“ओळ? कोणाबद्दल?”

“तुमच्या मिशांबद्दल, महाराज.”

केरबाने कपाळावर हात मारून घेतला.

“काय आहे त्या ओळीत?” राजांनी मिशीवर हात ठेवून विचारलं.

“माझ्या तोंडाने नाही सांगवत!”

राजेसाहेबांनी सिंहासनावरून उडीच मारली. उजवीकडच्या सतरंजीवर ते रांगू लागले. नाक पिसाऱ्यात, मंदिल मानेवर, आणि पाठीमागची बाजू सगळ्या दरबाराकडे! राजे रांगतात म्हटल्यावर सरदारही रांगू लागले. दिवाणजी घाईघाईने डावीकडच्या सतरंजीवर आडवे झाले आणि एकेक पीस तपासू लागले.

“दिवाणजी!” राजे ओरडले. “तिकडे काय डोंबल शोधताय? ती यंत्राची आहे! हाताची ही इथे आहे!”

“सापडली, महाराज!” सगुणा म्हणाली.

“कुठे? ओळ कुठे आहे?”

“ओळ नव्हे, सतरंजी! तुमच्या गुडघ्यांखाली आहे ती हाताची. डावीकडे दिवाणजी लोळताहेत ती यंत्राची. बोट लावलं नाही, उलटून बघितलं नाही!”

राजेसाहेब रांगत्या अवस्थेत जागच्या जागी थिजले.

“आणि मिशांची ती ओळ?”

“ओळ कसली, महाराज! बाबांना कुठे लिहिता येतं?”

राजांनी केरबाकडे पाहिलं. केरबाने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. आणि राजेसाहेब जे हसत सुटले, ते त्याच सतरंजीवर गडाबडा लोळले!

“पोरी, आमच्याच तोंडून वदवून घेतलंस की!”

माग वाचले. ज्याला जी आवडेल ती सतरंजी त्याने अंथरावी, अशी दवंडी पिटली. राजवाड्यातल्या दालनांच्या सतरंज्या कोष्टी आळीने विणायच्या ठरल्या, आणि प्रत्येकीवर चित्र वेगळं! राजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातावर ठेवलं आणि बापलेकीला हत्तीवरून घरी धाडलं. आळी अरुंद. हत्ती तोंडाशीच अडकला. सगुणा उतरून घरी गेली, चूल पेटवली, भाकऱ्या झाल्या, तरी केरबा काही हत्तीवरून खाली उतरायला तयार होईना!