टाळू

“बुवा, कामट्यांची पिशवी त्याच्या खांद्याला का?” दौलतगीरनं विचारलं.

हंसगीर बुवा चुलीपाशी तेल कोमट करत होते. मोडलेलं हाड बसवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्यांची ती हाड बांधायच्या कामट्यांची पिशवी ज्याच्या खांद्याला, पुढे मठ त्याचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आज सकाळी ती त्यांनी शिवगीरला दिली. शिवगीर कोण, तर गेल्या सुगीला आलेला. आणि दौलतगीर मिसरूड फुटायच्या आधीपासून इथं राबत होता.

दुखणं पोटात, आणि विचारत होता हाडवैद्याला.

“साधं मनगट बसवायचं तरी तो तुम्हाला विचारतो.”

“विचारतो खरं.”

“मी विचारतो कधी?”

“नाही बाबा. वर्षं झाली…”

दौलतगीर आतल्या आत जळत राहिला. घरात सवत आल्यावर दुसरं काय होणार?

इतक्यात एक बाई तान्हं घेऊन उंबऱ्याशी आली.

“बुवा, बाळाची टाळू अजून लपलपते. सासूबाई म्हणतात, पोर कच्चं राहिलं.”

बुवा तोंड उघडायच्या आत दौलतगीर पुढे सरसावला. त्यानं बाळाच्या माथ्यावर अलगद बोट ठेवलं.

“कच्चं नाही, बाई. आईच्या पोटात हाड आधी मऊच असतं, हळूहळू निबर होतं. कवटीचे तुकडे तर जन्मल्यावरही सुटे असतात. टाळू आत्ताच भरली, तर डोकं वाढायचं कसं? दीड वर्षाचं होऊ दे, आपोआप भरेल.”

बाईचा जीव भांड्यात पडला. ती नमस्कार करून गेली.

दौलतगीर बुवांकडे वळला.

“हे शिवाला सांगता आलं असतं?”

“नसतं आलं.”

“मग पिशवी…”

“बस इथं. पटका काढ.”

तो बसला. बुवांनी त्याच्या तुळतुळीत माथ्यावर कोमट तेल ओतलं आणि तान्ह्याची टाळू भरावी तसं अंगठ्यानं चोळू लागले. दौलतगीरनं डोळे मिटले. किती वर्षांनी हा हात डोक्यावर आला होता. आता पिशवी आपलीच, असं त्याला वाटलं.

तेल कपाळावरून, कानांवरून ओघळून खाली गेलं.

बुवांचा अंगठा माथ्यावर थांबला…

“तुझी केव्हाच भरली रे.”