लव्हाळ्याचा श्वास

फार वर्षांपूर्वी, राजा आणि प्रजा एकाच तळ्याचे पाणी पीत असत त्या काळी, एका नगराच्या तळ्याकाठी दाट लव्हाळा वाढला होता.

दिसायला तो गवतासारखा. पण गवत नव्हे. गवताच्या काडीला पेरे असतात आणि आतून ती पोकळ असते. लव्हाळ्याची काडी बिनपेराची, भरीव, तरी आतल्या बारीक छिद्रांमुळे भेंडासारखी हलकी. बोटांत फिरवली की तिच्या तीन धारा लागतात. त्याच्या तपकिरी फुलांना पाकळ्या नसत. भुंग्यांची मनधरणी करण्याची त्याला गरजच नव्हती; पराग वारा पोचवी. चिखलात आडवी पसरलेली त्याची खोडे सगळा काठ धरून ठेवत. एवढे करूनही तो कुठे बोलत नसे, त्यामुळे दरबारात त्याला कुणी ओळखत नव्हते.

ओळखत होती ती धुरपा. काठावरच्या झोपडीत राहून ती लव्हाळ्याच्या चटया विणी.

एकदा शेजारचा राजा पाहुणा येणार असे ठरले. तळ्याचा काठ नीटनेटका करण्याचे काम उद्यानप्रमुखाकडे आले. उद्यानप्रमुख विद्वान होता. झाडे त्याने बहुतेक पालखीतून पाहिली होती. लव्हाळा पाण्याखाली हातभर कापावा, म्हणजे खुंटही दिसणार नाहीत, असा त्याने हुकूम सोडला.

धुरपा हात जोडून त्याच्यापुढे उभी राहिली.

"सरकार, कापा, पण पाण्याच्या वर चार बोटं राखून कापा. मुळं चिखलात असतात, तिथं हवा नाही. त्यांचा श्वास या काडीतून खाली जातो. बुडवून कापलंत तर ती गुदमरतील."

"म्हणजे गवताला नाक असतं म्हण की," उद्यानप्रमुख म्हणाला. बरोबरचे कारकून हसले. त्यांची नेमणूक त्यासाठीच होती.

धुरपा हलेना. शेवटी त्याने झोपडीपुढचा लव्हाळा तिला तिच्या रीतीने कापू दिला. मात्र ते खुंट पाहून पाहुण्याने नाक मुरडले, तर तिने त्याच दिवशी नगर सोडायचे, अशी अट घातली. धुरपाने एकदा झोपडीकडे पाहिले आणि मान डोलावली.

काठ साफ झाला. उद्यानप्रमुखाला शाल मिळाली. महिन्याभरात चिखलातली खोडे कुजली, काठ सुटला आणि माती पाण्यात उतरली.

पाहुणा आला. तळ्याच्या पाण्याचा एक घोट घेऊन त्याने अदबीने विचारले, "आपल्याकडे आधी म्हशी पितात का?"

दरबार जमिनीकडे पाहू लागला. राजा उठला आणि पाहुण्याला घेऊन काठाकाठाने चालू लागला. सगळीकडे गढूळ पाणी. एका वळणाआड, धुरपाच्या झोपडीपुढे, खुंटांना हिरवे कोंब फुटले होते आणि पाण्याचा तळ दिसत होता. पाहुणा ओंजळभर पाणी प्यायला आणि त्याने दुसरी ओंजळ भरली. राजाने धुरपाला कारण विचारले. तिने थोडक्यात सांगितले.

राजाने उद्यानप्रमुखाला शिक्षा केली नाही. धुरपाच्या हाताखाली नेमले. शिक्षा त्याला हलकी वाटली असती. गुडघाभर चिखलात उभा राहून तो तिच्या काठावरची लव्हाळ्याची खोडे तळ्याभोवती लावू लागला. धुरपा काठावर बसून एवढेच म्हणे, "आणखी थोडं खोल, सरकार."

दोन पावसाळ्यांनंतर नगर पुन्हा नितळ पाणी पिऊ लागले.

सांगायचे ते इतकेच: एखाद्याला निकामी ठरवण्यापूर्वी तो जगतो कसा, हे त्याच्याजवळ राहणाऱ्याला विचारावे.