घुम्याने धरलेली पट्टी

एका स्पीकरच्या खोक्यात तळाला जाड आवाज काढणारा मोठा कर्णा घुम्या, माडीवर बारीक आवाजाची छोटी कर्णी, त्याची बहीण किनरी, आणि शेजारी दोघांना वीज वाढणारे म्हातारे अ‍ॅम्प्लिफायर आबा, असं एक घर होतं बघा. वीज यायची दोघांना जोडणाऱ्या एकाच पितळी पट्टीवरून. ढोल वाजला की घुम्या सगळी ओरपायचा, अन् किनरीची बासरी चिरकायची.

मालकाने घुम्यासाठी नवा दांडगा अ‍ॅम्प्लिफायर आणला, किनरी आबांकडेच ठेवली. मधली पट्टी काढायला गेला, तर घुम्याने ती घट्ट धरली. "घर फुटेल!"

"अरे ठोंब्या, सोड! पट्टीतून नव्याचा जोर अंगावर येऊन आबा जळतील," किनरी म्हणाली. "चुली दोन झाल्या म्हणून मी काय परकी होते?"

घुम्याने पट्टी सोडली. त्या संध्याकाळी ढोल पोटभर घुमला, बासरी मोकळी झाली, अन् आबा म्हणाले, "पोरांनो, आपलं घर इतकं गोड कधी गायलंच नव्हतं."